एक डिस्क उठली की दुसरी बसते

या लिफ्टवाल्याला कुणी भित्रा म्हटलं असतं, तर त्याच्या कंपनीतले लोक पोट धरून हसले असते. चौतीस वर्षं हा माणूस लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरतोय. खाली अकरा मजल्यांचा अंधार, आणि हा बाबा लिफ्टच्या टपावर मांडी घालून ग्रीस लावत बसलेला. वर गाणीही म्हणायचा, तीही बेसूर. पण त्या रविवारी सकाळी साडेनऊ वाजता, स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत बसलेला असताना त्याची अशी पाचावर धारण बसली की हातातला अर्धा चहा मांडीवर सांडला, आणि भाजलंय हे त्याला बऱ्याच वेळाने कळलं.

समोरच्या पडद्यावर एवढंच आलं होतं: डिस्क सापडत नाही.

आता डिस्क सापडत नाही म्हणून कुणी इतकं घाबरतं का? चार फोटो गेले असतील, एखादा सिनेमा गेला असेल. गेला तर गेला, उडत. पण त्या डिस्कवर त्याच्या ताईचा आवाज होता. ताईच्या गळ्यात तो आता उरला नव्हता.

ताई म्हणजे त्याची सख्खी बहीण, नऊ वर्षांनी मोठी. आईवडील लवकर गेले तेव्हा हा आठ वर्षांचा होता आणि ती सतराची. तिनेच याला वाढवलं, शिकवलं आणि वेळ पडली तेव्हा बडवलंही. पुढे तीस वर्षं तिने तलावावर मुलांना पोहायला शिकवलं. बाकीचे शिक्षक गळ्यात शिट्टी अडकवून फिरायचे. ताईने शिट्टीला कधी हात लावला नाही. "देवाने घसा काय शोभेला दिलाय?" असं म्हणायची. काठावरून तिने एक हाक मारली की पलीकडच्या टोकाला डुबक्या मारणारं कार्टंसुद्धा दचकून बाहेर यायचं. संध्याकाळी तोच आवाज तीन मजले चढून घरात शिरायचा: "ठोंब्याऽऽ!"

ठोंब्या म्हणजे आपला लिफ्टवाला. पन्नाशी उलटली तरी ठोंब्याच. लग्न दोघांनीही केलं नाही, त्यामुळे ही हाक बदलायचं काही कारणच पडलं नाही. त्यातल्या शेवटच्या अक्षरावर ती असा काही जोर द्यायची की ऐकणाऱ्याच्या कानाला धक्का बसावा. आणि हा न्हाणीत असो, नाहीतर माळ्यावर, तिथूनच ओरडायचा, "आलो गं!" यायचा की नाही, तो भाग वेगळा.

मग तो आवाज बसला. दोन महिने झाले तरी उठेना. तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं की स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. श्वास गळ्यातल्या भोकातून घ्यावा लागेल, म्हणजे पाण्यात उतरणंही संपलं. ताईने फक्त विचारलं, "काठावर बसलेलं चालेल ना?" लिफ्टवाला मात्र खाली फरशीकडे बघत राहिला.

त्याच इस्पितळात बोलण्याचे उपचार करणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनी एक वाट दाखवली. ऑपरेशनच्या आधी ताईने सोळाशे वाक्यं वाचून रेकॉर्ड करायची. त्यावरून यंत्र तिचा आवाज शिकणार, आणि मग ताई टॅबलेटवर जे काही लिहील ते तिच्याच आवाजात बोललं जाणार. "पण हे आधीच व्हायला हवं. नंतर मला काही करता येणार नाही," मॅडम म्हणाल्या होत्या, आणि हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं होतं.

अकरा दिवस बहीणभाऊ कामाला लागले. खोलीत आवाज घुमतो म्हणून ताई कपड्यांच्या कपाटात उभी राहायची. एका बाजूला तिचे जुने टॉवेल, दुसऱ्या बाजूला याचे शर्ट, आणि मधून ती वाचायची: "निळ्या पिशवीत सात कुलपं आहेत." लगेच पुढे, "कोण बोलतं रे असं? कुणी लिहिलंय हे?" मग ते वाक्य पुन्हा घ्यावं लागायचं. आवाज फुटका, घोगरा, पण तिचाच. दहाव्या दिवशी सोळाशे पूर्ण झाली. शेवटच्या, म्हणजे ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "आता माझं घे." आणि तिने तिचे स्वतःचे शब्द बोलून घेतले. शेजारणींची नावं, दुधवाल्याला घालायच्या शिव्या, 'चूप बस', 'जेवलास का', आणि 'ठोंब्याऽऽ', तीन तऱ्हांनी. बेचाळीस फाइली झाल्या.

रेकॉर्डर छोटा होता, रोज भरायचा. लिफ्टवाला रोज संध्याकाळी त्यातलं सगळं घरच्या सर्व्हरवर घालायचा आणि दुसऱ्या दिवसासाठी रेकॉर्डर पुसून ठेवायचा.

आता हा सर्व्हर म्हणजे काय प्रकरण, ते सांगायला हवं. कंपनीने मोडीत काढलेला एक संगणक त्याने खांद्यावरून तीन मजले चढवून घरी आणला होता. लिफ्टवाल्याच्या इमारतीला लिफ्ट नाही, यावर ताईने जन्मभर त्याची खेचली. त्या संगणकावर तो लिफ्टची ड्रॉइंग बघायचा. पण नुसतं तेवढ्यावर समाधान मानेल तर तो लिफ्टवाला कसला? त्याने व्हिडिओ बघून बघून त्या संगणकाच्या पोटात दुसरा संगणक उभा केला. दिसायला काही नाही, नुसता प्रोग्रॅम, पण स्वतःला अख्खा संगणक समजणारा. या आतल्याचं काम एकच, फाइली सांभाळायच्या. त्यासाठी यूएसबीला दोन पॉकेट डिस्क लावून त्याने त्या आतल्याच्या ताब्यात दिल्या होत्या. एकीवर लिहिलं की तेच दुसरीवरही लिहिलं जायचं.

"मॅडम, लिफ्ट कधी एका दोरावर टांगत नाहीत," त्याने इस्पितळात छाती फुगवून सांगितलं होतं. "आमच्याकडे दोन कॉपी आहेत. तुम्ही निर्धास्त राहा."

ऑपरेशन होऊन एकोणीस दिवस झाले होते. ताई घरी आली होती, गळ्याला जाळीचा रुमाल आणि हातात लहान मुलांची पाटी. मॅडमनी टॅबलेट दिला होता, पण त्यात तूर्त यंत्राचाच आवाज होता, गोडगोड, लाडीक. ताईने तो एकदा ऐकला, पाटीवर लिहिलं, "ही कोण भवानी?" आणि टॅबलेट खणात कोंबला. या बाईच्या आवाजात बोलण्यापेक्षा मुकी राहीन, असंही लिहिलं. आणि ताईने एकदा लिहिलं म्हणजे झालं. सोमवारी सकाळी अकराला सगळी वाक्यं पेन ड्राइव्हवर घालून मॅडमना द्यायची होती. म्हणून रविवारी सकाळी आपले महाशय चहा घेऊन आरामात बसले, आणि पडद्याने सांगितलं, डिस्क सापडत नाही.

त्याने संगणक बंद करून चालू केला. या वेळी एक डिस्क दिसली, दुसरी गायब. त्याच्या जिवात जीव आला आणि त्याने त्या एकीवरची फाइल उघडायला घेतली. चक्र फिरत राहिलं आणि तीही गायब झाली. पुन्हा बंद, पुन्हा चालू. आता आधी हरवलेली हजर, आणि हजर असलेली हरवलेली. तिसऱ्या वेळी दोन्ही नाहीत. लाल अक्षरांत वाचता येत नाही, लिहिता येत नाही अशा ओळींवर ओळी पडत गेल्या, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

त्याने कंपनीतल्या संगणकवाल्याला फोन लावला. तो सुट्टीवर होता, मागे मुलांचा गलका ऐकू येत होता.

"काका, यूएसबीवर असले खेळ करू नका म्हणून सांगितलं होतं ना मी?"

"सांगितलं होतंस रे बाबा. मग आता काय करू?"

"दुसरी कॉपी कुठे आहे?"

"दोन्ही त्यातच आहेत."

"तसं नाही. याच्या बाहेर, कुठेतरी?"

"कुठेच नाही." संगणकवाला म्हणाला, "काका, मी उद्या संध्याकाळी येतो. तोपर्यंत काही दाबू नका." उद्या अकरा वाजता द्यायचंय, हे न सांगताच त्याने फोन ठेवला.

तेवढ्यात ताई दारात आली. पाटीवर लिहिलेलं होतं, "झालं का?"

"होतंय," तो म्हणाला. "मोठ्या फाइली आहेत, वेळ लागतोय."

इतकं सरळ खोटं तो तिच्याशी आठवीत असताना बोलला होता, आणि तेव्हाही त्याचे कान असेच लाल झाले होते. ताईने कानांकडे पाहिलं आणि ती निघून गेली.

तो एकटा बसून राहिला. काय सांगायचं तिला? तुझा आवाज माझ्याकडे ठेवायला दिला होतास आणि मी तो हरवला? एखादी वस्तू असती तर दुसरी आणली असती. हिच्यासाठी दुकान नाही, कारागीर नाही. तिला पुन्हा कपाटात उभं करून, वाच गं ताई, असं म्हणता येणार नाही. त्याला आठवलं, ऑपरेशनला नेताना तिने स्ट्रेचरवरून त्याला खूण केली होती, कानाकडे बोट आणि मग मुठीची पकड. नीट ठेवलंयस ना? आणि याने अंगठा दाखवला होता.

तेव्हा पडद्यावर एक चौकट उगवली. ही डिस्क वापरण्याआधी नव्याने तयार करावी लागेल. तयार करू? खाली दोन बटणं, हो आणि नाही.

शहाण्या माणसाने इथे हात मागे घेतला असता. आपल्या शहाण्याने काय विचार केला? तयार करतो म्हणतोय, म्हणजे दुरुस्तच करत असेल. काहीतरी तर करायला हवं. नुसतं बसवत नाही. घाबरलेल्या माणसाचं डोकं असंच चालतं, हातांना काम हवं असतं. बाण 'हो'वर गेला. बोट बटणावर टेकलं.

फाडकन आवाज झाला. ताईने पाटी टेबलावर आपटली होती. ती कधी मागे येऊन उभी राहिली, किती वेळ पडदा वाचत होती, कोण जाणे. तिने त्याचा हात मनगटाला धरून माऊसवरून उचलला, बाजूला ठेवला आणि पाटीवर एकच शब्द लिहिला.

"मेनस्विच."

हे त्याचंच वाक्य होतं. कंपनीतल्या प्रत्येक नव्या माणसाला तो पहिल्या दिवशी हेच सांगायचा, आणि घरी जेवताना ताईलाही ऐकवून ऐकवून त्याने वीट आणला होता. बिघाड दिसला की माणूस घाबरून आधी हात घालतो, आणि हात जातो. आधी मेनस्विच बंद करायचा. मग बघायचं. हात सगळ्यात शेवटी.

त्याने 'नाही' दाबलं, संगणक बंद केला, बोर्डावरचं बटणही बंद केलं. आणि मग त्याला आवरेना. "ताई, गेलं गं सगळं," तो म्हणाला. "दोन्ही डिस्क गेल्या. मी रेकॉर्डरही पुसलाय. काहीच नाहीये आता." तीन मजले आवाज जाईल असा तो रडला.

ताई त्याच्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, गळ्यावरची जाळी भराभर आतबाहेर होत होती. तीही घाबरली होती, चांगलीच. पण तिने स्टूल ओढलं, बसली आणि लिहिलं, "रडायचं नंतर. परत चालू कर. फक्त चालू. हात खिशात."

त्याने बटण दाबलं आणि खरोखरच हात खिशात घातले. ताई टेबलाखाली वाकली. तिथे यूएसबीचा हब होता, एका वायरीतून चार भोकं देणारी डबी, आणि तिला दोन्ही डिस्क लावलेल्या. सगळ्या वायरी पट्ट्यांनी आवळून इतक्या सुबक बांधलेल्या की बघत राहावं. ताईने कान डिस्कवर टेकवला. बोलणं गेल्यापासून तिचे कान तीक्ष्ण झाले होते, शेजारच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्यासुद्धा ती पाटीवर मोजायची.

तिने एक बोट वर केलं. पहिली फिरायला लागली होती. थोड्या वेळाने दुसरं बोट वर झालं. आणि लगेच पहिलं बोट खाली आलं. ती थांबली. पुन्हा एक बोट वर, दुसरं खाली. तीन वेळा असं झालं. मग ती वर उठली, धापा टाकत बसली आणि तिने लिहिलं:

"एक उठली की दुसरी बसते."

लिफ्टवाल्याने ते वाचलं. दोनदा वाचलं. ही भाषा त्याला कळत होती. एक मोटर सुरू झाली की दुसरी मान टाकते, म्हणजे मोटरचा दोष नाही, वीज कमी पडतेय. तो टेबलाखाली शिरला आणि हबच्या मागे हात घातला. हबला स्वतःचा एक चार्जर होता, त्याची पिन तिथे असायला हवी होती. पिन लोंबत होती. त्याने वायर धरून माग काढला. चार्जर भिंतीपाशी जमिनीवर पडला होता, आणि त्याच्या जागी भिंतीत दुसराच प्लग बसला होता, ताईच्या गळ्यातला कफ ओढून काढायच्या यंत्राचा.

त्याला दुपार आठवली. ऑपरेशनचा आदला दिवस. इस्पितळाने यंत्र आधीच घेऊन चालवून बघायला सांगितलं होतं. त्याने मोकळं सॉकेट शोधलं, मिळालं नाही म्हणून हबचा चार्जर काढला, यंत्र लावलं. त्या गडबडीत पुन्हा तिकडे बघायचं कुणाला सुचतंय? तेव्हापासून दोन डिस्क संगणकाच्या एकाच भोकातून मिळेल त्या विजेवर भांडत होत्या. चौतीस वर्षं प्रत्येक दोराला वेगळा बोल्ट लावणाऱ्या माणसाने, वायरी नीटनेटक्या दिसाव्यात म्हणून, आपले दोन्ही दोर एकाच खिळ्याला टांगले होते.

त्याने ताईला हे सांगितलं. तिने लिहिलं, "म्हणजे चोर मीच." आणि खांदे हलवून हसली. लिफ्टवाल्याला हसू येईना.

त्याने सगळं पुन्हा बंद केलं. हब काढून टाकला. एकच डिस्क घेतली, संगणकाच्या मागच्या भोकात सरळ लावली. चालू केलं. डिस्क फिरली, फिरत राहिली, बसली नाही. त्याने आतला संगणक उघडला.

डिस्क नाही. एकही नाही. यादी कोरी.

या वेळी वीजही पुरेशी होती, डिस्क तर खणखणीत फिरतेय, मग? म्हणजे आतलंच पुसलं गेलं? मघाशी बोट दाबलं गेलं होतं का? त्याने ताईकडे पाहिलं. तिने बोटाने टेबलावरची त्याची वही दाखवली.

लिफ्टवाल्यांची सवय असते, जे केलं ते वहीत लिहायचं. त्याने पानं उलटली. त्याच्याच अक्षरात पेन्सिलीने होतं: आतल्याला दिले, हबचं भोक तीन आणि चार. म्हणजे त्याने आतल्या संगणकाला डिस्कची ओळख दिलीच नव्हती, भोकाचा पत्ता दिला होता. डिस्क नव्या घरी गेली, आणि तो बिचारा जुन्याच दारात वाट बघत बसला होता. त्याने पत्ता बदलला: मागची बाजू, वरून दुसरं भोक. आणि डिस्क फक्त वाचायची, तिच्यावर काही लिहायचं नाही, असंही सांगितलं.

पिवळा त्रिकोण आला, जोडीतली एक डिस्क गैरहजर आहे. आणि त्याखाली दिवसवार अकरा फोल्डर.

त्याने पहिली फाइल दाबली. "निळ्या पिशवीत सात कुलपं आहेत," ताई खोलीभर बोलली. "कोण बोलतं रे असं?"

ताईचा हात गळ्याकडे गेला. एकोणीस दिवसांत तिने स्वतःला ऐकलं नव्हतं. तिने घाईघाईने लिहिलं, "बंद कर." त्याने बंद केलं. ती पाटी मांडीवर घेऊन बसली. मग तिने ते पुसलं आणि लिहिलं, "परत लाव."

सोळाशे वाक्यं पेन ड्राइव्हवर उतरायला दुपार झाली. तो प्रत्येक फोल्डर मोजत होता, आणि प्रत्येक वेळी आता अडकणार म्हणून श्वास रोखत होता. एकही अडकलं नाही. मग शेवटचं उरलं, ताईचं स्वतःचं. बेचाळीस फाइली, नावं जिथल्या तिथे, आणि पोटात शून्य. त्याने दुसरी डिस्क लावून पाहिली. तिथेही शून्य. चार्जर काढला त्याच संध्याकाळी या फाइली चढवल्या होत्या, तेव्हा हबमध्ये जीव नव्हता. पडद्याने 'पूर्ण झालं' म्हटलं होतं आणि याने न ऐकताच रेकॉर्डर पुसला होता.

"ताई, तुझं ते... स्वतःचं बोललीस ते नाही राहिलं," तो म्हणाला. आता मात्र खोटं बोलायची त्याची हिंमत नव्हती. "ठोंब्या वगैरे. सगळं गेलं."

तिने पाटी पुसली. मग लिहिलं, "शब्द माझ्याकडे आहेत. तू आवाज पोचव."

सोमवारी अकराला त्याने एक नाही, तीन पेन ड्राइव्ह मॅडमच्या टेबलावर ठेवले, वेगवेगळ्या खिशांतून काढून. आवाज भरायला टॅबलेटही तिथेच दिला.

पाच आठवड्यांनी टॅबलेट परत आला. मॅडमनी बजावून सांगितलं होतं, जमलं असेलच असं नाही, जास्त आशा ठेवू नका. ताईने तो जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि एका बोटाने लिहायला लागली. लिफ्टवाला उठून स्वयंपाकघरात गेला. भांडी घासायची आहेत म्हणाला. खरं म्हणजे त्याला समोर बसवेना. तीच गोडगोड भवानी निघाली तर? तिच्या चेहऱ्याकडे कसं बघायचं? हातात घासणी घेऊन, नळ न सोडता, तो नुसताच उभा राहिला.

"ठोंब्या," बाहेरून आवाज आला.

तिचा होता. फुटका, घोगरा, तिचा. पण सपाट. शेवटच्या अक्षरावरचा तो धक्का यंत्राला माहीतच नव्हता, कारण तो सोळाशे वाक्यांत कुठेच नव्हता. जिथे होता ती फाइल शून्य होती. त्याला रडू फुटलं, आणि ते ऐकू जाऊ नये म्हणून त्याने घासणी तोंडाशी धरली.

बाहेर काचेवर टकटक चालू झाली. "ठोंब्याअ," यंत्र म्हणालं. थोडं थांबून, "ठोंब्या. या." मग काहीतरी भलतंच विचित्र. ताईने टेबलावर चापट मारली. पुन्हा टकटक. ती अक्षरं वाढवत होती, पुसत होती, चिन्हं घालून बघत होती. तीस वर्षं पोरांकडून पाण्यात हात मारून घेणारी बाई ती, एका यंत्राला सोडते होय? पाचदा झालं, सहादा झालं. तो सगळं मोजत उभा होता.

मग टकटक थांबली.

"ठोंब्याऽऽ!"

भांडी दचकली असतील. हा तर दचकलाच.

"आलो गं!" तो ओरडला, आणि या वेळी गेलाही.